उतारू आणि तपासणीचा नाका

१८९७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात हिंदुस्थान सरकारने साथीच्या रोगांविषयी जो कायदा केला, तो आकाराने अगदी लहान होता. त्याची कलमे अवघी चार. परंतु त्या चार कलमांत प्रवास करणाऱ्या माणसाचा विचार दोनदा केलेला आढळतो. बंदरात येणाऱ्या आणि बंदरातून सुटणाऱ्या जहाजांची तपासणी करून त्यांवरील माणसांस अडकवून ठेवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. आणि आगगाडीने अथवा अन्य मार्गाने जाणाऱ्या उतारूंस तपासून संशयितांस वेगळे ठेवण्याचाही अधिकार घेतला. पुढे १२३ वर्षांनी, २०२० साली, कोरोनाची साथ आली, तेव्हा याच कायद्यावरील धूळ झटकून तो पुन्हा वापरात आणावा लागला. कायद्याने उतारूकडे कोणत्या दृष्टीने पाहिले हे यावरून कळते. उतारूने त्या कायद्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो या लेखात विचारावा असा आमचा हेतू आहे.

साथ आणि प्रवास यांचे नाते फार जुने आहे. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या व्यापारी नगराने १३७७ साली असा नियम केला की, रोगग्रस्त मुलखातून येणाऱ्यांनी नगरात पाऊल टाकण्यापूर्वी ३० दिवस बाहेर काढावेत. पुढे हे ३० दिवस ४० झाले, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाइन' हा शब्द जगभर रूढ झाला. पिवळा बावटा लावून नांगरलेले जहाज, किनारा डोळ्यांसमोर असूनही उतरू न शकणारे उतारू, आणि काठावर उभे राहून त्यांच्याकडे भयाने पाहणारे नागरिक, हे दृश्य तेव्हापासून बंदरोबंदरी दिसत आले आहे.

आपल्याकडे हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला तो मुंबईच्या प्लेगपासून. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला, आणि थोड्याच महिन्यांत लोकांनी मुंबई सोडण्यास प्रारंभ केला. त्या वेळची वृत्तपत्रे ज्यास 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत, तो रोग गाडीच्या डब्यातून गावोगाव जाऊ लागला. तेव्हा कल्याणसारख्या मोक्याच्या स्टेशनांवर गाड्या थांबवून उतारूंची तपासणी सुरू झाली. गाठ काखेत किंवा जांघेत येते. म्हणून तपासणी म्हणजे नुसती नाडी पाहणे नव्हे, तर परक्या माणसाने अंगास हात लावणे होय. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंस फलाटावर उतरवून ओळीने उभे करीत. पहिल्या वर्गातील साहेबलोकांची पाहणी डब्यातच, पुष्कळदा वरवर, आटोपत असे. स्त्रियांस परपुरुषाने तपासण्याचा प्रकार सर्वांत जिव्हारी लागला. पुढे मोठ्या स्टेशनांवर पडदे आले, स्त्री-तपासनिसांच्या नेमणुका झाल्या. परंतु तोपर्यंत संतापाचा संचय बराच झालेला होता. पुण्यातील घरझडतीचा आणि रँडच्या वधाचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. एवढे मात्र ध्यानात घ्यावे की, त्या काळी जे तक्रार करीत होते, त्यांतील फार थोडे 'रोग आवरू नका' असे म्हणत होते. त्यांचे म्हणणे 'माणुसकीने आवरा' एवढेच होते.

त्याच सुमारास समुद्रावर एक प्रसंग घडला, तो या विषयाचे मर्म अधिक स्पष्ट करतो. नोव्हेंबर १८९६ च्या अखेरीस 'कुरलँड' आणि 'नादरी' या दोन आगबोटी मुंबईहून दक्षिण आफ्रिकेस निघाल्या. दोहोंवर मिळून सुमारे ८०० उतारू होते. त्यांत गांधीजी सहकुटुंब होते. १८ डिसेंबरला बोटी डर्बानला पोहोचल्या. मुंबईत प्लेग असल्यामुळे पिवळा बावटा चढला. प्लेगचे बीज अंगात २३ दिवस राहू शकते असा डॉक्टरांचा हिशेब होता, म्हणून मुंबई सोडल्यापासून २३ दिवस पूर्ण होईपर्यंत थांबावे, असा हुकूम झाला. येथवर तक्रारीस जागा नव्हती. परंतु ते दिवस भरले तरी सुटका होईना. इकडे डर्बानमधील गोऱ्या रहिवाशांच्या सभा भरत होत्या. या हिंदी लोकांस आल्या पावली परत पाठवा, प्रसंगी परतीचे भाडे आम्ही देऊ, अशी भाषा चालली होती. उतारूंची अंथरुणे रोगाच्या भीतीने जाळण्यात आली, तेव्हा डर्बानमधील हिंदी लोकांनी निधी जमवून त्यांच्यासाठी पांघरुणे पाठविली. बोटी बंदरापुढे येऊन २६ दिवस झाल्यावर, १३ जानेवारी १८९७ रोजी, उतारूंस उतरण्याची परवानगी मिळाली. आणि त्याच दिवशी गांधीजींवर जमावाने हल्ला केला. पोलिस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांच्या पत्नीने आपली छत्री मध्ये धरून त्यांस वाचविले.

या प्रसंगात आरोग्याचा नियम खरा होता, आणि त्याआड दडलेला हेतूही खरा होता. आठशे उतारूंनी पहिला नियम निमूटपणे पाळला. दुसऱ्याच्या धाकाने ते परत फिरले नाहीत. नियम आणि बहाणा यांमधील भेद साध्या डेक-उतारूलाही कळतो, हे यावरून दिसते.

आता आपल्या बंगळूरकडे वळू. १८९८ च्या ऑगस्टमध्ये या शहरात प्लेगचा प्रवेश झाला तो आगगाडीनेच. त्या वेळी हुबळीत प्लेगने थैमान घातले होते, आणि त्या बाजूने आलेल्या एका नोकरमाणसाबरोबर रोग येथे उतरला. शहरावर म्हैसूर दरबारची सत्ता आणि छावणीवर इंग्रजांची, अशी एकाच वस्तीत दोन राज्ये असल्याने बंदोबस्तही दुहेरी होता. दरबाराने व्ही. पी. माधवराव यांस प्लेग कमिशनर नेमले. लोक घरे सोडून मैदानात झोपड्या बांधून राहिले. जुन्या पेठांतील कोंदट वस्ती विरळ करण्याच्या निकडीतून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या रुंद रस्त्यांच्या पेठा वाढीस लागल्या. आज त्या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांस आपल्या अंगणातील मोकळी हवा एका साथीची देणगी आहे, याची क्वचितच आठवण असते. शहरातील 'प्लेग मारियम्मा'ची देवळे मात्र ती आठवण अजून जपून आहेत.

बंगळूरचे उदाहरण आम्ही मुद्दाम देत आहोत. तपासणीने त्रास होतो हे खरे. पण तपासणीच्या जाळ्यातून एक माणूस निसटला तर काय होते, हेही तितकेच खरे. याचा सर्वांत दारुण दाखला पॅसिफिक महासागरात मिळतो. १९१८ च्या नोव्हेंबरात 'टालून' नावाची आगबोट इन्फ्लुएन्झाचे रोगी घेऊन न्यूझीलंडहून पश्चिम सामोआत आली. तेथील अंमलदारांनी तिला अडविले नाही. काही आठवड्यांत त्या बेटांवरील सुमारे एकपंचमांश माणसे मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयर यांनी बोटींवर कडक निर्बंध घातले होते. तेथे या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. बंदरावरचा नाका हा केवळ जुलमाचे साधन आहे असे म्हणणाऱ्याने ही दोन बेटे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

मुखपट्टीची कथाही अशीच दुहेरी आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुफ्फुसाचा प्लेग पसरला, तेव्हा डॉ. वू लियन-ते या तरुण वैद्याने हा रोग श्वासावाटे पसरतो हे ओळखून कापडी मुखपट्टीचा आग्रह धरला. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांस ते मानवले नाही; मुखपट्टीवाचून ते रोगी तपासावयास गेले आणि थोड्याच दिवसांत त्याच रोगाने दगावले. तथापि इतक्याने जगाचा संशय फिटला नाही. १९१९ साली सॅन फ्रान्सिस्कोत मुखपट्टीच्या सक्तीविरुद्ध रीतसर संघ स्थापन झाला. चार बोटे रुंदीचे कापड. पण कोणी ते कर्तव्य मानले, कोणी ते मुस्कटदाबी मानली.

या सर्व इतिहासाची उजळणी आपल्या डोळ्यांदेखत झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' हे विहारजहाज जपानातील योकोहामा येथे अडकवून ठेवण्यात आले. त्यावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जणांस बाधा झाली. उतारूंनी खोल्यांतच राहावे असा हुकूम होता. ज्यांच्या खोलीस सज्जा होता त्यांना समुद्र दिसत होता. ज्यांनी स्वस्तातली, बिनखिडकीची खोली घेतली होती, त्यांना मुखपट्टी लावून डेकवर थोडा वेळ फिरण्याची पाळी येई तेवढाच उजेड. आणि या दोघांच्याही दाराशी जेवणाचे ताट नेऊन ठेवणारे कर्मचारी दाटीवाटीच्या खोल्यांत राहून राबत होते. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ कर्मचारी. त्यांच्यापैकी काहींनी 'आम्हांस सोडवा' अशी हाक मायदेशास घातली. कल्याणच्या फलाटावरचा पहिला वर्ग आणि तिसरा वर्ग यांचे हे नवे रूप होते.

त्याच वर्षी १४ मे रोजी दिल्लीहून आलेली खास आगगाडी बंगळूरच्या स्थानकात शिरली. उतारूंस चौदा दिवस सरकारने ठरविलेल्या जागी अलग राहावयाचे होते. पुष्कळांनी ते मान्य केले. काहींनी स्थानकातच आवाज उठविला की, तिकीट काढताना हे कोणी सांगितले नव्हते, आम्ही आपापल्या घरी राहू. अखेर त्यांतले थोडे लोक दिल्लीस परत गेले. या घटनेचा पुढचा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर तिकीट काढतानाच, ज्या राज्यात जावयाचे तेथील आरोग्याचे नियम आपण वाचले आहेत आणि ते आपणांस मान्य आहेत, अशी संमती उतारूकडून घेतली जाऊ लागली. नियम तोच राहिला. फक्त तो वेळेवर सांगण्यात आला. महाराष्ट्रातून येणाऱ्यांस ७२ तासांच्या आतील चाचणीचा दाखला हवा, असे कर्नाटकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरविले, तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी कुरकुर केली, पण दाखले काढले. लग्नकार्यास वा आजारी आईबापांस भेटण्यास जाणाऱ्याने परतीचा हिशेब आधीच मांडला. कारण तो मांडता येत होता.

याच्या उलट प्रकार जानेवारी २०२२ च्या आरंभी गोव्याच्या मुरगाव बंदरात दिसला. मुंबईहून नववर्षाच्या सहलीस निघालेल्या 'कॉर्डेलिया' जहाजावर सुमारे २,००० माणसे होती. एक कर्मचारी बाधित निघाल्याने सर्वांची चाचणी झाली, आणि ६६ जण बाधित ठरले. बाधितांनी उतरून गोव्यातील विलगीकरणात जावे, असे सांगण्यात आले. काहींनी उतरण्यास नकार दिला. शेवटी जहाज मुंबईस परतले; तेथे पुन्हा सर्वांचे नमुने घेण्यात आले आणि आणखी पुष्कळ बाधित सापडले. त्या उतारूंस हट्टी म्हणणे सोपे आहे. परंतु मौजेसाठी निघालेला माणूस अनोळखी इस्पितळाच्या दाराशी एकाएकी उभा केला गेला, तर त्याचा पाय अडखळतो. तो अडखळला म्हणून त्याच्या शेजारच्या खोलीतील निरोगी माणसाचा धोका वाढला, हेही विसरून चालणार नाही.

आमच्यासारख्या कचेरीत परिपत्रके हाताळणाऱ्या माणसास या विषयातील एक गोष्ट विशेष जाणवते. परिपत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रोग असतो, आणि नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायापुढे माणूस असतो. पहिल्याने लिहिलेले दुसऱ्याच्या हातून अमलात येते. मधल्या वाटेवर कारण गळून पडते आणि हुकूम तेवढा उरतो. उतारू भांडतो तो त्या उघड्या पडलेल्या हुकुमाशी. कारण आगाऊ सांगितले, सर्व वर्गांस एकच माप लावले, आणि अंगास हात लावणाऱ्याने अदब राखली, तर चाचणीची नळी नाकात घालून घेण्यास बहुतेक माणसे तयार असतात. सव्वाशे वर्षांचा अनुभव याहून निराळे काही सांगत नाही.

असो. आरंभी ज्या कायद्याचा उल्लेख केला, त्याचे चौथे कलम सद्‌भावनेने काम करणाऱ्या अंमलदारास दाव्यांपासून संरक्षण देते. २०२० साली आरोग्यसेवकांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी कडक शिक्षेची तरतूद त्यात घालण्यात आली, आणि ती योग्यच होती. परंतु अडकवून ठेवलेल्या उतारूस काय सांगावे, त्याला किती दिवस ठेवावे, त्याच्या बायकामुलांची व्यवस्था कशी असावी, याविषयी १८९७ च्या त्या कायद्यात एक ओळही नव्हती. आणि २०२० ची दुरुस्तीही त्याविषयी बोलली नाही. साथ पुन्हा येईल, आणि जहाजे व गाड्या पुन्हा अडविल्या जातील. त्या वेळी नाक्याच्या दोन्ही बाजूंस उभे असलेल्या माणसांस ती ओळ हवी असेल. ती लिहून ठेवण्याचे काम शांततेच्या काळातच होऊ शकते.