चिकातील प्रथिने व नवजाताचे रक्षण : गडचिरोलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

गाय किंवा म्हैस व्यायली म्हणजे तिच्या चिकाचा खरवस करण्याची रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. जनावराच्या चिकाची अशी आवड असलेल्या समाजात बाळंतिणीचे पहिले पिवळसर, घट्ट दूध मात्र अनेक घरांतून दूषित मानले गेले व पिळून टाकले गेले. या विसंगतीचा उगम व तिचे निराकरण यांचा शोध घेताना एकीकडे ग्रंथ व रूढी, तर दुसरीकडे प्रयोगशाळेतील संशोधन यांचा मागोवा घ्यावा लागतो. या दोन प्रवाहांची गाठ पडल्याचे एक उदाहरण पूर्वीच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली या वनजिल्ह्यात आढळते.

प्राचीन वैद्यकग्रंथांत या बाबतीत एकवाक्यता नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात असे प्रतिपादन आहे की, प्रसूतीनंतर तीन-चार रात्रींनी स्तन्य प्रवृत्त होते. म्हणून तोपर्यंत बालकास मध व सिद्ध घृत द्यावे. चरकसंहितेत मात्र मध व तूप चाटविल्यानंतर लगेच उजवा स्तन पाजण्याचा विधी सांगितला आहे. तेव्हा पहिले दूध टाळण्याची रूढी ही समग्र आयुर्वेदाची आज्ञा होती, असे म्हणता येत नाही. शिवाय अशीच समजूत जगातील इतर अनेक समाजांतही आढळते; त्यामुळे तिचे मूळ केवळ एका ग्रंथात शोधणे युक्त होणार नाही.

प्रयोगशाळेतील इतिहास १८९२ पासून सुरू होतो. त्या वर्षी पाउल एर्लिक यांनी उंदरांच्या पिलांची अदलाबदल करून असे दाखविले की, विषप्रतिकारक्षम मादीचे दूध प्यालेल्या परक्या पिलांनाही प्रतिकारशक्ती लाभते. पुढे १९२२ साली थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनी चिकापासून वंचित ठेवलेली वासरे जंतुसंसर्गाने मोठ्या प्रमाणात दगावतात, हे सिद्ध केले. तथापि वासरावरून बालकाविषयी थेट अनुमान काढता येत नाही. वासराला गर्भावस्थेत मातेची प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती जन्मानंतर सुमारे चोवीस तासांच्या आत चिकातून आतड्यावाटे रक्तात शोषली जातात. मानवी अर्भकाला रक्तातील प्रतिपिंडे मुख्यतः वारेतून, जन्मापूर्वीच मिळालेली असतात. मग मातेच्या चिकाचे प्रयोजन काय?

त्याचे उत्तर असे की, मानवी चिकाचे कार्यक्षेत्र मुख्यतः रक्त नसून आतड्याचा पृष्ठभाग होय. परंतु तेथवर पोहोचण्यात एक अडचण आहे. जठरातील आम्ल व पेप्सिन आणि त्यापुढे आतड्यातील ट्रिप्सिन ही प्रथिनांचे तुकडे करतात. १९२२ साली टोरांटो येथे प्रथम रुग्णास दिले गेलेले इन्सुलिन याच कारणास्तव टोचावे लागले. ही अडचण चिकात तीन प्रकारे दूर झालेली दिसते. पहिली गोष्ट, नवजाताच्या जठरात आम्ल व पेप्सिन दोन्ही अल्प असतात. दुसरी, चिकात पाचक विकरांना रोखणारी द्रव्ये असतात : १९५१ साली लास्कोव्हस्की पितापुत्रांनी गाईच्या चिकातून ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळा केला, मानवी दुधात अल्फा-१-अँटिट्रिप्सिन हे तसेच कार्य करणारे प्रथिन आहे. तिसरी, मानवी चिकातील प्रमुख प्रतिपिंड, म्हणजे स्रावी आयजीए, आपल्या रचनेमुळेच पचनास दाद देत नाही. त्याचे स्वरूप स्वीडनचे लार्स हॅन्सन व अमेरिकेचे थॉमस टोमासी यांच्या १९६० नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. सारांश, चीक रक्षक प्रथिने पुरवितो आणि त्या प्रथिनांचे रक्षणही करतो.

हे ज्ञान आकारास येत असताना दुर्गम गावांतील बाळंतिणीच्या खोलीपर्यंत ते पोहोचले नव्हते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' संस्थेद्वारे कार्य आरंभिले. १९९३ नंतर ३९ गावांत नवजातांचे घरोघरी निरीक्षण व पुढे उपचार यांची योजना झाली. ४७ गावे तुलनेसाठी होती. गावातीलच साक्षर स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे बाळाचे वजन घेणे, ऊब राखणे, लवकर व निव्वळ स्तनपान करविणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच प्रतिजैविके देणे ही कामे सोपविण्यात आली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर दर हजारी सुमारे २५, तर तुलनेच्या गावांत सुमारे ६० होता. हे सारे श्रेय चिकाला देणे अशास्त्रीय ठरेल. प्रतिजैविके व उबेची काळजी यांचा वाटा त्यात मोठा आहे. परंतु रूढी बदलण्यास आज्ञापत्र पुरत नाही, गावातील ओळखीची स्त्री दारी यावी लागते, एवढे त्यातून निश्चित दिसते. २०११ पासून हीच पद्धती आशा कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय पातळीवर स्वीकारण्यात आली.

दरम्यान औषधशास्त्र त्याच कोड्याकडे दुसऱ्या बाजूने वळले. १९९३ साली प्लेफोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर हे प्रथिन आंत्ररसात एकटे टिकत नाही, परंतु दुधातील केसीन सोबत असल्यास टिकते. तोंडावाटे द्यावयाच्या औषधी प्रथिनांसाठी चिकाच्या घटकांचे कवच वापरण्याचे प्रयत्न याच विचाराचा विस्तार होत. जे साधण्यासाठी प्रयोगशाळा आज झटत आहे, ते बाळंतिणीच्या अंगी प्रथमपासून होते. आणि अनेक पिढ्यांत तेच पिळून टाकले गेले, ही या इतिहासातील खेदाची बाब होय.