जिगर, कावीळ आणि सुई

दोन वर्षांपूर्वी ओळखीतले एक गृहस्थ आमच्या नवीन पनवेलच्या घरी आले. हातात मुलीचा रक्ताचा रिपोर्ट होता. ऑपरेशनच्या आधी केलेल्या तपासणीत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ असे आले होते. मुलगी ठणठणीत होती, पण ही गोष्ट तिच्या ठरलेल्या रिश्त्याच्या घरी पोहोचली आणि तिकडून निरोप आला, ‘आम्हाला माफ करा.’ गृहस्थांनी विचारले, “सर, हे नेमके काय असते? आमच्या पोरीने काय केले?” मी भाषेचा मास्तर. त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही, म्हणून नंतर वाचत गेलो.

उर्दूतला जिगर आणि मराठीतले यकृत हे दोन शब्द मुळात एकाच घराण्यातले, एक फारसीतून आला, दुसरा संस्कृतातून. शायरीत जिगरला हिंमतीचा मान आहे, मटणवाल्याकडे कलेजीला भाव आहे, पण त्याच अवयवाला आजार झाला की आपण थेट माळ शोधायला निघतो. कोकणात कावीळ उतरवायची माळ डोक्यावर ठेवतात, ती वाढत वाढत खाली येते. चुन्याच्या पाण्याने हात धुतात, पाणी पिवळे होते. आमच्या अम्मीनेही लहानपणी मला तसे नेले होते आणि मी बराही झालो. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक वेळा आपोआपच बरी होते, श्रेय माळेला मिळते. ‘बी’ प्रकाराची गोष्ट वेगळी आहे.

या आजाराच्या इतिहासात सुई अगदी सुरुवातीपासून आहे. 1883 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात जहाजबांधणीच्या 1289 कामगारांना देवीची लस टोचली. ती लस माणसांच्या अंगावरच्या फोडांतील द्रवापासून केलेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातल्या 191 जणांना कावीळ झाली. पाण्याचा किंवा अन्नाचा दोष असता तर लस न टोचलेल्यांनाही झाली असती. म्हणजे काहीतरी रक्तातून गेले होते. ते ‘काहीतरी’ सापडायला मात्र ऐंशी वर्षे लागली.

सापडले तेही शोधत नसताना. बारूक ब्लूमबर्ग हे अमेरिकन संशोधक वेगवेगळ्या देशांतील लोकांच्या रक्तातले फरक अभ्यासत होते. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाला अनेकदा रक्त चढवलेले होते. त्याच्या रक्ताने ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तातला एक अनोळखी पदार्थ पकडला. 1965 मध्ये त्यांनी तो ‘ऑस्ट्रेलिया अँटीजेन’ या नावाने जाहीर केला. पुढे कळले, ते या विषाणूचे बाहेरचे आवरण आहे. रिपोर्टवरचे ‘एचबीएसएजी’ ते हेच. ब्लूमबर्गना 1976 चे नोबेल मिळाले.

मला सगळ्यात जास्त अडवले ते पुढच्या प्रश्नाने. हा विषाणू यकृत खराब करतो कसा? उत्तर असे की तो स्वतः फारसे काही करत नाही. यकृताच्या पेशीत शिरतो, तिच्या केंद्रात आपली गुंडी जमवून बसतो, नकला काढत राहतो, पण पेशीला मारत नाही. अमेरिकेत फ्रान्सिस किसारी यांच्या प्रयोगशाळेत विषाणूची जनुके घातलेले उंदीर तयार केले. उंदीर निवांत होते. त्यांना विषाणू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी टोचल्या, तेव्हा यकृताला सूज आली. म्हणजे घर जाळतो तो आपलाच पहारेकरी, चोर पकडण्याच्या नादात. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळाचा पहारेकरी कच्चा असतो, तो चोराला घरचाच समजतो. म्हणून मूल आजारी दिसत नाही आणि विषाणू वर्षानुवर्षे राहतो. चाळिशी-पन्नाशीत कधी यकृत आकसते, कधी कॅन्सर होतो. या मुलीची गोष्ट बहुधा अशीच होती. तिने काहीच केलेले नव्हते.

आणि आता आपल्या जवळची गोष्ट. पनवेलहून घाट चढून गेलो की पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, 1952 मध्ये सुरू झालेली. 2009 च्या सुरुवातीला गुजरातेत मोडासा भागात ‘बी’ काविळीने माणसे पटापट मरू लागली. चारशेहून अधिक रुग्ण झाले. ‘बी’ने इतक्या वेगाने इतकी माणसे दगावत नाहीत, म्हणून नमुने पुण्याला तपासले गेले. डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये छापलेल्या अभ्यासात दोन गोष्टी पुढे आल्या. एक, नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजा. दुसरी, विषाणूतच झालेले बदल. त्यातल्या एका बदलामुळे विषाणूला ‘ई अँटीजेन’ नावाचे प्रथिन बनवता येत नाही. हे प्रथिन पहारेकऱ्याला गुंगीत ठेवते असे मानतात. गुंगी नाही, तर हल्ला जोराचा आणि यकृत काही दिवसांत निकामी. प्रयोगशाळेतल्या उंदरांनी जे दाखवले होते, ते एका गावातल्या घराघरांत असे दिसले.

आपण साध्या तापालाही “डॉक्टर, सुई द्या” म्हणतो. गोळी दिली की डॉक्टर बदलतो. ही सवय मला मोडासानंतर फार खुपते. तसाच वस्तरा. हजला मिनामध्ये हलक करताना एकच पाते अनेक डोक्यांवर फिरू नये म्हणून सौदी सरकार परवानाधारक न्हावी नेमते. आपल्या गल्लीत खतन्याला आणि सलूनमध्ये आपण नवे पाते मागतो का? मागितले तर न्हावी रागावतो, हे खरे. मागावेच.

एका ताटात जेवल्याने, गळाभेटीने, एकाच मुसल्यावर नमाज पढल्याने हा आजार लागत नाही. रक्त, शरीरसंबंध आणि जन्माच्या वेळी आई, एवढेच प्रमुख रस्ते. त्यावर लसही आहे. मोठ्यांसाठी सहा महिन्यांत तीन डोस, बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांत. आपल्या देशात सगळ्या बाळांसाठी ती 2011 पासून सरकारी लसीकरणात आहे. माझ्या वयाचे बहुतेक लोक त्या आधीचे.

हे सगळे मी त्या गृहस्थांना घरी जाऊन सांगितले. जुना रिश्ता परत आला नाही. गेल्या वर्षी मुलीचा निकाह दुसरीकडे झाला. रिपोर्ट आधीच दाखवला होता. मुलाने स्वतःची तपासणी करून घेतली आणि तिसरा डोस झाल्यावरच निकाहाची तारीख धरली.