हमीदा बानू : फडात जिंकलेली, घरात मोडलेली पैलवान

कोकणात तालमीची परंपरा घाटावरच्याइतकी नाही. सिंधुदुर्गातल्या मुली मैदानात उतरतात त्या बहुतेक कबड्डीसाठी. त्यांच्यासोबत काम करताना आम्ही हमीदा बानू हे नाव घेतो, तेव्हा ते क्वचितच कुणी ऐकलेलं असतं. म्हणून ही माहिती.

१९४० आणि १९५० च्या दशकांत हमीदा बानू या तिकीट लावून, पैसे घेऊन कुस्ती खेळणाऱ्या व्यावसायिक पैलवान होत्या. समोर बहुतेकदा पुरुष असत. जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात, पैलवानांच्या घरात. घरात कुस्ती असली तरी मुलीसाठी आखाडा नव्हता. मिर्झापूरच्या पैलवानांनी विरोध केला तेव्हा त्या अलीगढला सलाम पैलवानांकडे गेल्या. हेच पुढे त्यांचे वस्ताद आणि जोडीदार झाले.

१९४४ साली मुंबईत गुंगा पैलवानाशी त्यांची जोड ठरली, तेव्हा सुमारे वीस हजार लोक जमले होते. गुंगाने ऐनवेळी जादा पैसे आणि वेळ मागितल्याने कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. १९५४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळा आणि कलकत्त्याचे पैलवान हरले. बडोद्यात बाबा पैलवान १ मिनिट ३४ सेकंदांत चीत झाला. तोवर तीनशेहून जास्त कुस्त्या जिंकल्याचा त्यांचा दावा होता. वर्तमानपत्रांना मात्र रस होता तो त्यांचं १०८ किलो वजन, पाच फूट तीन इंच उंची आणि रोजचं दूध, मटण, बदाम यांत. पुरुष पैलवानाचा खुराक कौतुकाचा आणि बाईचा चमत्काराचा, ही त्या काळची नजर आजही पूर्णपणे गेलेली नाही.

महाराष्ट्राने त्यांना कसं वागवलं तेही सांगायला हवं. कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या कोल्हापुरात त्यांनी शोभासिंग पंजाबीला हरवलं, तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवून दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे झाली नाही. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे त्यांनी तक्रार केली. बंदी बाई म्हणून नाही, आयोजक समोर डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून, असं उत्तर आलं. नुरा कुस्तीचा हा संशय अगदीच बिनबुडाचा होता असं आम्ही म्हणणार नाही. तिकिटाच्या खेळात ते चालायचं. पण पुरुषांच्या जोडींनाही तो संशय लागू होता.

यानंतर त्यांनी युरोपात जाऊन लढण्याचं जाहीर केलं आणि थोड्याच काळात त्या फडातून दिसेनाशा झाल्या. नातवाने नंतर सांगितलं ते असं : त्या युरोपला जाऊ नयेत म्हणून सलाम पैलवानांनी काठीने मारून त्यांचे हात मोडले. मुलीने मात्र सलाम यांच्याविषयी वेगळं सांगितलं आहे. घरातल्या हिंसेच्या प्रकरणांत एकाच घरातून दोन साक्षी येणं आम्हाला नवीन नाही.

उरलेलं आयुष्य कल्याणमध्ये गेलं. दूध विकून, खोल्या भाड्याने देऊन आणि पैसे संपले तेव्हा रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकून त्या जगल्या. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं. ४ मे २०२४ रोजी गुगलने त्यांचं डूडल लावलं, तेव्हा अनेकांना त्या पहिल्यांदा कळल्या.

महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली. महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने हरवलं ती वैष्णवी पाटील कल्याणची.