‘ड्रॅगन’ नियतकालिकाचें स्थित्यंतर

मेजाभोंवतीं बसून प्रत्येकानें एकेका कल्पित पात्राची भूमिका घ्यावी, एकानें कथेचें सूत्र धरावें आणि संकटाचा निकाल फाशांवर सोंपवावा, असा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत निघाला. जून १९७६ मध्यें विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा या गांवीं त्याचें ‘ड्रॅगन’ हें नियतकालिक जन्मास आलें. नवे नियम, वादविवाद व व्यंगचित्रें यांच्या योगें गांवोगांव विखुरलेल्या खेळाडूंस त्यानें एकत्र बांधलें.

सप्टेंबर २००७ मध्यें ३५९ व्या अंकानंतर छपाई थांबली. संगणकाच्या पडद्यावरील अवतार २०१३ च्या अखेरीस संपला; २०१५ मध्यें निघालेला ‘ड्रॅगन प्लस’ हा तिसरा अवतारही २०२२ मध्यें मावळला. छापील अवतार मात्र ३१ वर्षें टिकला होता.

छपाईचा व टपालाचा खर्च वांचला, अंक क्षणांत सातासमुद्रांपार पोंचूं लागला, हा लाभ खराच. तथापि पडद्यावरील अंक, वाचकानें वेळींच उतरवून ठेवला नसेल तर, मालकाच्या मर्जीनें दिसतो व त्याच मर्जीनें नाहींसा होतो. १९७६ चा जीर्ण अंक ज्याच्या कपाटांत आहे, त्यास तो उघडावयास आजही कोणाची परवानगी लागत नाहीं.