‘मी’चा प्रवास : कोनिग्झबर्ग ते अमळनेर

नंदुरबारहून भुसावळच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत बसले, की दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा ही स्थानके मागे पडतात आणि अमळनेर येते. खानदेशात हे गाव सर्वांना ठाऊक आहे ते प्रताप मिल आणि साने गुरुजी यांच्यामुळे. पण 1930 साली याच गावातल्या एका संस्थेने एक लहानसे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याचा धागा थेट अठराव्या शतकातल्या जर्मनीशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. पुस्तकाचे नाव ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’. मराठीत म्हणायचे तर ‘ज्ञाता म्हणजेच स्वातंत्र्य’. लेखक कृष्णचंद्र भट्टाचार्य.

त्या पुस्तकाकडे जाण्याआधी वर्गात कधी ना कधी येणारा एक प्रश्न घेऊ. न्यूटनचे नियम शिकवून झाले, की एखादा विद्यार्थी विचारतो, “सर, प्रत्येक कण नियमाने चालतो आणि मीही कणांचाच बनलेलो आहे. मग गृहपाठ केला नाही, यात माझा काय दोष?” वर्ग हसतो, आपणही हसून वेळ मारून नेतो. प्रश्न मात्र खरा आहे. 1814 मध्ये लाप्लासने तो अधिक मोठ्या रूपात मांडला होता : एका क्षणी विश्वातील सर्व वस्तूंची स्थिती आणि सर्व बले ज्या बुद्धीला कळतील, तिला भूत आणि भविष्य दोन्ही सारखेच उघडे दिसतील. अशा विश्वात ‘मी ठरवले’ या शब्दांना काय अर्थ उरतो?

इमॅन्युएल कांट (1724–1804) आपल्याला भूगोलात भेटतो तो सूर्यमालेच्या उत्पत्तीच्या तेजोमेघ कल्पनेमुळे. ती त्याने 1755 मध्ये मांडली. म्हणजे हा गृहस्थ न्यूटनला सोडून देणाऱ्यांपैकी नव्हता. 1781 च्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथात त्याने वेगळीच बाजू दाखवली. कार्यकारणभाव आपण निसर्गातून वेचून आणत नाही; अनुभव जुळवण्याची ती आपल्या बुद्धीची रीत आहे. नकाशावरील अक्षांश-रेखांश जमिनीवर आखलेले नसतात, पण त्यांच्याशिवाय कोणतेही गाव नेमके दाखवता येत नाही, तसे काहीसे. (उपमा आमची आहे, फार ताणू नये.)

आता हा नकाशा जुळवणारा कोण? खडूची रेघ डोळ्यांना दिसते, खडूचा आवाज कानांना येतो. दोन्ही जाणणारा ‘मी’ एकच नसेल, तर ‘खडू’ हे ज्ञानच होणार नाही. पण त्या ‘मी’ला शोधायला आत पाहावे, तर हाती लागतात विचार, आठवणी, सुखदुःखे, ‘मी’ काही सापडत नाही. म्हणून कांट म्हणतो, की हा ‘मी’ विचारात मानावाच लागतो, पण वस्तूसारखा जाणता येत नाही. आणि कार्यकारणाचे नियम ज्ञात वस्तूंना लागू असल्यामुळे, स्वातंत्र्याला निदान जागा तरी उरते.

ती जागा भरण्यासाठी त्याने 1788 मध्ये एक उदाहरण दिले. राजा एका माणसाला सांगतो, “या सज्जनाविरुद्ध खोटी साक्ष दे, नाहीतर फाशी.” तो नकार देईल की नाही, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. पण नकार देणे आपल्याला शक्य आहे, हे तो कबूल करील. ‘द्यायला हवा’ यातूनच त्याला ‘देऊ शकतो’ हे कळते.

नंदुरबारच्या शिक्षकाला हे उदाहरण दूरचे वाटायला नको. 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. बंदुकीच्या गोळीचा वेग आणि मार्ग पदार्थविज्ञान सांगेल. मुलगा तिथे का आला, हे इतिहास सांगेल : घरचे वातावरण, गांधीजींची हाक, ‘चले जाव’चे दिवस. ही सगळी कारणे खरी आहेत. तरीही ती ऐकून झाल्यावर विद्यार्थी मनात म्हणतो, ‘मी त्या जागी असतो तर?’ या प्रश्नाचे उत्तर कारणांच्या यादीत शोधता येत नाही.

कांटच्या मागून आलेल्यांना ‘मी जाणता येत नाही’ हे पटले नाही. फिख्टे 1794 पासून येना येथे शिकवू लागला. तो विद्यार्थ्यांना सांगे, की भिंतीचा विचार करा. मुले करत. मग म्हणे, आता भिंतीचा विचार करणाऱ्याचा विचार करा. इथे मुले गोंधळून जात, अशी आठवण त्याच्या एका श्रोत्याने लिहून ठेवली आहे. फिख्टेचे म्हणणे असे, की ‘मी’ ही वस्तू नव्हेच, ती कृती आहे. स्वतःकडे वळण्याच्या कृतीतच तो अस्तित्वात येतो. शेलिंगने या ‘मी’चे मूळ निसर्गातही पाहिले. हेगेलने 1807 मध्ये म्हटले, की आत्मभान एकट्याने पुरे होत नाही, दुसऱ्याने आपल्याला ‘मी’ म्हणून ओळखावे लागते.

आता अमळनेर. श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. अद्वैत वेदान्त आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान यांचा शेजारी शेजारी अभ्यास तिथे चाले. प्रताप हायस्कूलमध्ये 1924 साली शिक्षक होण्यापूर्वी साने गुरुजी काही काळ तिथेच होते. भट्टाचार्य 1933 ते 1935 या काळात संस्थेचे संचालक होते.

त्यांचे पुस्तक कठीण आहे, हे आधीच सांगून टाकू. एकेक वाक्य सूत्रासारखे आवळलेले आहे. पण सुरुवात साधी आहे. ‘बाक’ म्हटले, की सर्वांना तीच वस्तू कळते. ‘मी’चे तसे नाही. एखादा विद्यार्थी ‘मी’ म्हणतो, तेव्हा ऐकणारा स्वतःकडे बोट दाखवत नाही. म्हणजे हा शब्द वस्तूचे नाव नव्हे. पुढे ज्ञाता विषयापासून पायरीपायरीने कसा सुटा होतो, हे भट्टाचार्य दाखवतात : आधी आतून जाणवणारे शरीर, मग अभावाचे ज्ञान, मग प्रतिमा, विचार, भावना. अभावाची पायरी आपल्याला रोजची आहे. हजेरी घेताना रिकामी जागा पाहून ‘आज तो आला नाही’ हे कळते. डोळ्यांना दिसतो फक्त बाक; न आलेला मुलगा दिसत नाही, तरी त्याचे नसणे ठामपणे कळते. समोर जे आहे त्यालाच आपण बांधलेले नाही, याचा हा पुरावा. कांटच्या उलट ते म्हणतात, की ‘मी’ विचाराचा विषय होऊच शकत नाही. मात्र विचाराविना त्याचे ज्ञान होणे शक्य आहे, हे मान्य करावे लागते. येथे वेदान्त बोलतो आहे, हे उघड आहे.

आमचे मत असे, की भट्टाचार्यांचे स्वातंत्र्य सुटण्याचे आहे, कांटचे करण्याचे. गृहपाठाच्या प्रश्नाला आणि बंदुकीसमोर उभ्या मुलाला कांट अधिक जवळचा वाटतो. पण 1983 साली बेंजामिन लिबेट याने बोट हलवण्याच्या प्रयोगात, ‘आता हलवतो’ ही जाणीव होण्यापूर्वीच मेंदूत विद्युत हालचाल सुरू झाल्याचे नोंदवले, तेव्हापासून जी चर्चा चालू आहे, तिच्यात भट्टाचार्यांची शंका कामाची आहे : यंत्रावर उमटली ती मेंदूची नोंद, ती नोंद पाहून ‘हा निर्णय माझा होता का?’ असे विचारणारा त्या आलेखावर कुठे आहे? दहावीच्या वर्गात हा प्रश्न भिंतीच्या प्रयोगानंतर विचारून पाहावा. तास मात्र दुपारच्या सुट्टीआधीचा निवडावा; मुले लवकर उठत नाहीत.