मोटारीचा सांधा: ग्रीसपासून रबरापर्यंत

१/
खड्ड्यातून जाताना गाडीच्या मागून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला की मेकॅनिक दोन शब्दांत निदान करतो: ‘बुश गेले.’ मागच्या चाकाला धरणारा आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो, त्या सांध्यातले हे रबरी कडे. ते घरी बदलता येते. मात्र बोल्ट कधी आवळायचा याचा एक नियम आहे आणि त्याचे मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका कल्पनेत आहे.

२/
आरंभीच्या मोटारींनी आपले सांधे घोडागाडीकडून घेतले. पोलादी पाट्याच्या टोकाला डोळा, त्यात ब्राँझचे बुश, बुशात पिन. धातूवर धातू घासे. वंगण असेल तोवर ठीक, धूळपाणी शिरले की झीज सुरू. असे सांधे गाडीखाली जागोजागी असत आणि प्रत्येकाला ठरावीक मैलांनंतर ग्रीस लागे. श्रीमंतांच्या पदरी त्यासाठी माणूस असे. इतरांनी स्वतःच गाडीखाली आडवे व्हावे.

३/
गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्येच मिळाले होते. द्रव्य हाताशी होते. पण रबरात पिन फिरू लागली की रबर घासून फाटते. १९२० च्या दशकात लेओं तिरी यांनी उलटा विचार केला: पिन फिरूच द्यायची नाही! दोन पोलादी नळ्यांमध्ये रबर दाबून ठासायचे. आतली नळी एका भागाला घट्ट, बाहेरची दुसऱ्याला. सांधा हलला की रबर पिळले जाते आणि पूर्ववत होते. काहीच घासत नाही, म्हणून ग्रीसही नको. ‘सायलेंटब्लॉक’ हे नाव सार्थच. मोटारीच्या इतिहासात इतकी उपेक्षित राहिलेली थोर कल्पना दुसरी क्वचितच असेल.

४/
तरीही ब्राँझ लगेच हटले नाही. १९५९ ची ब्रिटिश मिनी पाहा. अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या या गाडीत अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू बसवले. पण मागच्या आर्मच्या सांध्यात एका टोकाला नीडल बेअरिंग, दुसऱ्याला ब्राँझचे बुश. स्प्रिंग रबराची आणि सांधा ग्रीसचा भुकेला! वंगण चुकले की मागची चाके वरच्या बाजूने आत झुकत. घरी दुरुस्ती करणाऱ्याचे घोडे इथेच अडे: नवे बुश बसवल्यावर ते रीमरने नेमक्या मापाला कोरावे लागे, आणि तसा रीमर घरी कोण ठेवतो?

५/
रबरी बुशाला कोरणे नाही. शिकंजा किंवा लांब बोल्ट-वॉशर वापरून जुने काढावे, नवे ओढून बसवावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये; भक्कम स्टँड हवेतच.

६/
आता तो नियम. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल, तर बोल्ट अखेरचा आवळायचा तो आर्म नेहमीच्या उंचीवर असताना. चाक लोंबकळत असताना आवळला, तर आतली नळी त्याच स्थितीत जखडते; गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते, उभ्या गाडीतही तसेच राहते आणि नवे बुश अकाली फाटते. म्हणून गाडी उचलण्याआधीच चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर मोजून ठेवावे. काम झाल्यावर आर्मखाली दुसरा जॅक लावून, गाडी स्टँडवरून सुटणार नाही अशा बेताने, तेवढेच अंतर आणावे आणि मग पाना फिरवावा.