विरजण

गेल्या कोजागिरीला खोपटच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर माझ्या हातून एक अन्याय घडला. केशर-वेलदोडा घातलेल्या आटीव दुधाचे पेले सर्वांनी संपविले. माझ्याच वर्गातील एक मुलगा मात्र भरला पेला घेऊन कठड्याशी उभा. "दूध टाकायचे नसते!" असे मास्तरी आवाजात बजावून मी त्याला ते प्यायला लावले. पोराने सारी रात्र पोट धरून काढली. सकाळी त्याची आजी जिन्यात भेटली. "मास्तर, आमच्या घरात कुणालाच दूध सोसत नाही. वाटीभर दही द्या, मुकाट्याने खाईल," एवढेच त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, म्हणून अधिकच लागले.

जे दूध सोसत नाही, तेच विरजल्यावर कसे सोसते? या कोड्याने मला वाचनालयात नेऊन बसविले.

दुधातली साखर म्हणजे दोन लहान साखरांची जोडी. ही जोडी आतड्यातून रक्तात शिरत नाही. पाण्याच्या साहाय्याने ती आधी तोडावी लागते. असे काम करणाऱ्या विकरांना हायड्रोलेज म्हणतात. दुधाच्या साखरेपुरते ते काम लॅक्टेज करते. ते घडविण्याची आज्ञा आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते. तान्हेपणी हे जनुक जोमात असते. अंगावरचे दूध तुटले, की इतर सस्तन प्राण्यांप्रमाणे जगातील सुमारे दोनतृतीयांश माणसांतही ते मंदावत जाते. मग न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढते, तेथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि पोट फुगते. म्हणजे त्या मुलाचे पोट जुन्या रीतीने चालले होते. पेलाभर दूध पचविणारा मीच अपवाद!

हा अपवाद कशाने झाला, ते फिनलंडमधील संशोधकांनी २००२ साली दाखविले. जनुक तेच असते. शेजारच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतो आणि त्यामुळे ते मोठेपणी मंदावत नाही. २०१२ साली भारतातील शंभराहून अधिक समाजांची तपासणी प्रसिद्ध झाली. युरोपातला तोच फरक इथेही सापडला; वायव्येकडे पुष्कळ, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे विरळ होत गेलेला.

मौज पुढेच आहे. कच्छमधील कोटडा भडली येथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा मिळाल्या, हे २०२० साली छापून आले. युरोपात तर तो फरक सर्वत्र पसरण्याच्या हजारो वर्षे आधीपासून लोक दूध वापरीत होते. पचवीत कसे असतील? एक वाट आजींनी जिन्यातच सांगितली होती. विरजणातील जंतू दुधातली काही साखर आंबवून टाकतात. शिवाय साखर तोडणारे स्वतःचे विकर घेऊन ते आपल्या पोटात उतरतात आणि उरलेले पुष्कळ काम तेथे करतात.

आमच्या शेजारच्या मुंबईत १९४६ साली दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून टोन्ड दूध आणले. १९४९ साली आरेची वसाहत उभी राहिली. दूध वाढले, स्वस्त झाले, गरिबाच्या घरी पोहोचले. त्या कामाचे मोल मी कमी करीत नाही. पण अशा दुधात कमी होतो तो स्निग्धांश, साखर राहतेच. आणि मोठ्या माणसांच्या आतड्यात लॅक्टेज कमी पडते, ही गोष्ट वैद्यकाला नीट कळली ती १९६० नंतरच्या दशकात. तोवर पेल्याकडे पाहून तोंड वाकडे करणारी किती मुले लाडावलेली ठरली असतील! त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी मी त्याच आवाजात बोललो.

त्या मुलाची मी क्षमा मागितली. तो लाजून पळाला. यंदा गच्चीवर दुधाच्या पातेल्याशेजारी पियूषही ठेवायचे ठरले आहे. दही लावायचे ते आपल्याच घरच्या विरजणाचे, अशी आजींची अट आहे.